वावळ्याच्या चकत्या

वैशाखात दुपारचा वारा सुटला की वाडीमागच्या डगरीवरून चकत्या उडत खळ्यात येतात. जुन्या रुपयाएवढ्या, पापडासारख्या पातळ. एक उचलून उन्हासमोर धरा. मधोमध चपटं बी, भोवती शिरांची नाजूक जाळी आणि टोकाला इवलीशी खाच. खाचेशी फुलाच्या कुक्षीची दोन टोकं वाळून राहिलेली दिसतात. पोरं हे बी सोलून खातात.

हा वावळा, थंड प्रदेशात वाढणाऱ्या एल्म या झाडाच्या कुळातला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी त्याला एल्मच म्हटलं होतं. १८४८ मध्ये प्लांशों या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याची वेगळी प्रजाती केली, होलोप्टेलिया. या प्रजातीत जगभरात जाती दोनच, एक आपली आणि दुसरी आफ्रिकेतली. पान चुरगळलं की उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की झाड ओळखायला चुकत नाही.

पानगळ झाली की उघड्या फांद्यांवर बारीक, हिरवट फुलांचे झुबके येतात. त्यांना ना रंग, ना मध, कारण परागकण वाहायला वाराच असतो आणि पानं नसल्यानं त्याला आडकाठी होत नाही. पुढे पंखवाल्या चकत्याही वाराच नेतो. त्या पिकतात चैत्र-वैशाखात, म्हणजे बी जमिनीवर पडतं आणि महिन्या-दीड महिन्यात मिरगाचा पाऊस येतो. किती नेमका हिशोब आहे हा!

पण नेमके हेच दिवस आपल्या भाजावळीचे. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, झाडांच्या फांद्यांची कवळ तोडायची, पातेरा म्हणजे गळलेला पाला गोळा करून पेटवायचा. त्यातच एखादा वणवा सुटून डोंगर चढतो. पातेऱ्यात अडकलेल्या कागदी चकत्या सगळ्यात आधी जळतात. शिवाय काजूसाठी आता अख्खी डगरच यंत्रानं साफ होते. मला वाटतं, जुन्या वावळ्याखालचा पातेरा तरी झाडायचा नाही, पेटवायचा नाही, एवढं आपण सहज करू शकतो.

आणि रान बेणताना, म्हणजे झाडोरा साफ करताना, जरा वाकून बघावं. मोठ्या वावळ्याच्या पानाची कड सपाट असते, कोवळ्या रोपाची मात्र दातेरी. त्यामुळे मोठं झाड ओळखणारा माणूसही रोपाला भलतंच झुडूप समजून उपटून टाकतो. पान चुरगळून वास घ्यावा, मगच कोयता चालवावा.