डॉगटाउन शैली

कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला, लॉस एंजेलिसमधील व्हेनिस या वस्तीचा किनारा या परिसरात १९७० च्या दशकाच्या मध्यास घडलेली स्केटबोर्डिंगची, म्हणजे चाके लावलेल्या फळीवर उभे राहून वेगाने जाण्याच्या खेळाची, शैली. ‘डॉगटाउन’ हे या परिसराचे टोपणनाव.

स्केटबोर्ड त्याआधीही होता. १९६० च्या दशकात त्याची मोठी लाट आली आणि १९६५ नंतर ओसरली. तेव्हाची चाके मातीच्या मिश्रणाची असत. रस्त्यावरचा बारीक खडा आडवा आला तरी फळी जागीच थांबे आणि स्वार पुढे फेकला जाई. फ्रँक नॅसवर्दी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी युरेथेन या प्लास्टिकची चाके बाजारात आणली. ती रस्ता घट्ट धरून ठेवत. मग फळी वेगात तिरकी वळवता येऊ लागली. पुढचे सारे या पकडीमुळेच शक्य झाले.

जेफ हो, स्किप इंगब्लॉम आणि क्रेग स्टेसिक यांच्या सर्फबोर्डच्या (समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या फळ्यांच्या) दुकानाभोवती झेफर हा स्केटबोर्डिंगचा संघ जमला. जे अ‍ॅडम्स, टोनी अल्वा, स्टेसी पेराल्टा ही त्यातली गाजलेली नावे. पेगी ओकी ही संघातली एकमेव मुलगी. ही मुले आधी सर्फर होती. लाटा नसल्या की ती शाळांच्या आवारातल्या डांबरी उतारांवर जात आणि तिथे हवाई बेटांवरचा सर्फर लॅरी बर्टलमन याच्यासारखी वळत: गुडघे पूर्ण वाकवून, अंग जमिनीलगत झोकून, तळहात डांबरावर टेकवून.

१९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झालेल्या स्केटबोर्डिंग स्पर्धेत या शैलीचे वेगळेपण उघड झाले. इतर स्पर्धक ताठ उभे राहून गिरक्या घेत, फळीवर हातांवर उभे राहत. झेफरची मुले निळ्या टी-शर्टमध्ये, खाली वाकून, सुसाट आली. कसरत कोणती केली यापेक्षा ती कशी केली याला या मुलांच्या लेखी मोल होते, आणि या शैलीचे खरे देणे तेच आहे. स्टेसिक यांच्या छायाचित्रांनी व लेखांनी ती दूरवर पोचवली. संघ मात्र लवकरच फुटला. मोठ्या कंपन्यांनी एकेकाला आपल्याकडे ओढले.

१९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील अनेक घरांचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले. गोलाईदार भिंतींचे हे तलाव मुले परवानगीवाचून वापरत आणि पोलीस आले की पळत. उभ्या भिंतीवरून काठापर्यंत आणि मग काठाबाहेर हवेत जाणे इथेच रुजले. अल्वाचे नाव त्यासाठी विशेष घेतले जाते. त्याच सुमारास व्यावसायिक स्केटपार्क उघडू लागले आणि त्यांतले काँक्रीटचे खोलगट वाडगे या तलावांच्या धर्तीवर बांधले जाऊ लागले.