माहिती प्रणाली व्यवस्थापनातील कमी मुदतीची पदव्युत्तर पदवी (पुणे)

माहिती प्रणाली व्यवस्थापन या विषयाची, नेहमीच्या दोन वर्षांऐवजी साधारण १२ ते १६ महिन्यांत पूर्ण होणारी पदव्युत्तर पदवी. पुण्यात बोलताना तिला 'फास्ट-ट्रॅक' किंवा नुसते 'एक वर्षाचे मास्टर्स' म्हणतात. संगणकशास्त्राचा भर सॉफ्टवेअर घडवण्यावर असतो, तर या विषयाचा भर ते संस्थेत रुजवण्यावर. कोणती प्रणाली घ्यायची, ती विकत घ्यायची की स्वतः बनवायची, डेटा कोणाच्या ताब्यात राहील, खर्च कोणत्या खात्यावर पडेल, बंद पडली तर काम कसे चालेल, हे त्याचे नेहमीचे प्रश्न. त्यामुळे अभ्यासक्रमात डेटाबेस आणि नेटवर्कच्या शेजारी लेखाव्यवहार, प्रकल्प व्यवस्थापन, माहितीची सुरक्षा आणि व्यवसाय प्रक्रियांचे विश्लेषण हे विषय येतात.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९६८ साली गॉर्डन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचे रीतसर शिक्षण सुरू केले. १९७२ मध्ये एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेने पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा आराखडा मांडला. तेव्हापासून आराखडे अनेकदा बदलले, पण विद्यार्थ्याला यंत्र आणि संस्था दोन्ही कळली पाहिजेत हा आग्रह टिकून आहे.

वेळ कोठून वाचतो

मुदत कमी करण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि जाहिरातींत त्या सर्रास एकत्र केल्या जातात. पहिलीत अभ्यासच कमी असतो, कारण त्यातला काही भाग आधीच झालेला धरतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्याला एका वर्षात पदव्युत्तर पदवी घेता येते. यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यात अशा एका वर्षाला किमान ४० श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) आहेत, तर तीन वर्षांच्या पदवीनंतरच्या दोन वर्षांना ८०. दुसऱ्या तऱ्हेत अभ्यास तेवढाच राहतो, सुट्ट्या जातात. ब्रिटनमधले एक वर्षाचे मास्टर्स १८० श्रेयांकांचे असते. तिथल्या पदवीच्या एका वर्षाला १२० श्रेयांक असतात, म्हणजे बारा महिन्यांत दीड वर्षाचे काम उरकायचे आणि उन्हाळा प्रबंधाला द्यायचा.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने माहिती प्रणाली व्यवस्थापनाच्या पदवीचे जे मार्ग आखले, त्यांत हा व्यवहार उघड दिसतो. नेहमीचा मार्ग १६ महिन्यांचा, मधल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप. नोकरीचा अनुभव असलेल्यांसाठी १२ महिन्यांचा, त्यात उन्हाळ्यातही वर्ग. कात्री पहिल्यांदा इंटर्नशिपवर चालते, कारण अनुभवी माणसाने ती नोकरीत करून टाकलेली आहे असे गृहीत असते. नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी केवळ फी आणि भाडे वाचते म्हणून बारा महिन्यांच्या मार्गाला लागला, तर त्याच्याकडे शेवटी पदवी असते आणि दाखवायला काम नसते.

पुण्यातील स्थिती

या शिक्षणासाठी लागणारी जमीन पुण्यात लवकर तयार झाली. टाटा समूहाचे टीआरडीडीसी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र १९८१ चे, सरकारची प्रगत संगणन संस्था सी-डॅक १९८८ ची, आणि देशातल्या पहिल्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांपैकी एक १९९० मध्ये इथे आले. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची कोथरूडची आयएमसीसी ही व्यवस्थापन संस्था १९८३ ची, मॉडेल कॉलनीतली सिंबायोसिसची संगणक संस्था १९८५ ची, आणि सिंबायोसिसचीच हिंजवडीतली माहिती तंत्रज्ञान संस्था एससीआयटी १९९९ ची. पुणे विद्यापीठाची एमसीएम, म्हणजे संगणक व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदवी, ही या विषयाची इथली जुनी ओळख. बँका, कारखाने आणि सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये आज वरिष्ठ जागांवर बसलेल्या अनेकांच्या बायोडेटात ती सापडेल.

'फास्ट-ट्रॅक' नावाची पाटी मात्र पुण्यातल्या पदव्यांवर फारशी दिसत नाही. मुदत आडवाटेने कमी होत गेली. एमसीए, म्हणजे संगणक उपयोजनाची पदव्युत्तर पदवी, पूर्वी तीन वर्षांचे होते. बीसीए किंवा बीएस्सी संगणकशास्त्र झालेल्याला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळे. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२०-२१ पासून सगळ्यांसाठीच ते दोन वर्षांचे केले आणि संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्यांवर ब्रिज कोर्सची, म्हणजे राहिलेला पाया भरून काढणाऱ्या वर्गांची, अट घातली. म्हणजे ओझे गेले नाही, दाराबाहेर सरकले. बीकॉम करून आलेल्या मुलाला विचारा, पहिल्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्सने त्याचे काय होते! ऑनलाइन एमबीए किंवा एमसीएमध्ये प्रवास वाचतो, मुदत नाही. आणि सी-डॅकचे सहा महिन्यांचे, सी-कॅट परीक्षेतून प्रवेश देणारे अभ्यासक्रम वेगवान आहेत खरे, पण ते पदविका आहेत. नोकरीच्या दृष्टीने अनेकांना ते पुरतात. पीएचडी किंवा परदेशी विद्यापीठाच्या दारात पदवीची जागा ते घेत नाहीत.

जे लवकर उरकत नाही

व्याख्याने दाटीवाटीने बसवता येतात, संस्थेचे कॅलेंडर नाही. भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्यात ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र चालवणाऱ्या, प्रणालीचा अभ्यास, हा इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा ठरलेला नमुना. कागदावर प्रक्रिया सरळ असते : खरेदी आदेश निघतो, माल गेटवर येतो, आवक नोंद होते, तपासणी होते, बिल मंजूर होते. प्रत्यक्षात उत्पादनाची लाइन थांबू नये म्हणून पुरवठादाराला फोनवरच सांगितलेले असते. माल सकाळी उतरतो आणि त्याचा आदेश प्रणालीत दुपारी तयार होतो. मधल्या वेळात स्टोअरकीपर टेबलाच्या खणातल्या वहीत नोंद करतो. ती वही प्रणालीच्या कोणत्याही आकृतीत नसते. महिनाअखेरीला स्टॉक जुळत नाही तेव्हा ती बाहेर निघते, आणि मार्चअखेरीला लेखापरीक्षकापुढे तिच्यावरून खरी वादावादी होते. त्या वहीत प्रणालीचा दोष आहे की माणसांनी प्रणालीला शोधलेला उपाय आहे, हे ओळखणे हाच या विषयाचा गाभा म्हणावा लागेल.

आठ आठवड्यांच्या सत्रात विद्यार्थ्याच्या वाट्याला एक किंवा दोन महिनाअखेर येतात, आणि सत्र एप्रिलमध्ये सुरू झाले तर मार्चअखेर येतच नाही. मग अहवालात लिहिले जाते की वापरकर्त्यांना प्रशिक्षणाची गरज आहे. परीक्षकांना हे वाक्य पाठ झालेले असते. ज्याने आधी दोन-तीन वर्षे कंपनीत सपोर्टचे काम केले आहे, त्याला ती वही शोधावी लागत नाही. ती कोणत्या खणात असते हे त्याला माहीत असते. कमी मुदतीची पदवी अशांना लाभते ती यामुळे. अभ्यासातली हुशारी इथे तितकीशी कामाला येत नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

पुण्यातून अशा पदव्यांसाठी निघणाऱ्यांची पहिली अडचण वर्षांच्या बेरजेची. बीबीए संगणक उपयोजन, बीसीए, बीएस्सी यांचे शिक्षण पंधरा वर्षांचे होते, तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठे सोळा वर्षे मागतात. त्यामुळे बीईवाल्याला जी वाट लगेच खुली होते, तिच्यासाठी बीसीएवाला आधी इथे एमसीए करतो. मग 'एक वर्षाचे मास्टर्स' त्याला एकूण तीन वर्षांना पडते. चार वर्षांच्या नव्या ऑनर्स पदवीने हा फरक मिटू शकतो.

अमेरिकेत शिक्षणानंतर काम करण्याची १२ महिन्यांची परवानगी, म्हणजे ओपीटी, मिळवण्यासाठी किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेले असावे लागते. ती आणखी २४ महिने वाढते ती फक्त सरकारी यादीतल्या विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी. माहिती प्रणालीची पदवी कुठे व्यवस्थापन शाळेत असते, कुठे संगणक विभागात. सारख्याच नावाच्या दोन पदव्यांचा त्या यादीसाठीचा संकेतांक वेगळा असू शकतो. अर्ज करण्यापूर्वी तो विचारून घेतात.

नोकरी सोडून जाणाऱ्याला आणखी एक हिशेब मांडावा लागतो. पुण्याच्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पीरियड सर्रास असतो. ऑगस्टच्या मध्याला वर्ग सुरू होणार असतील, तर राजीनामा मेच्या सुरुवातीपर्यंत पडावा लागतो, आणि तोवर बऱ्याचदा व्हिसाची मुलाखत झालेली नसते.