वाय-फायवरून आवाज आणि आयपीव्ही६

वाय-फाय हँडसेट, मोबाइलमधले वाय-फाय कॉलिंग किंवा लॅपटॉपवरचा सॉफ्टफोन यांवरचे बोलणे मध्येच तुटू नये म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट आणि राउटरमध्ये करायची सेटिंग. आवाजाला बँडविड्थ फारशी लागत नाही, त्याचा वेळेवर नंबर लागावा लागतो. जी.७११ कोडेक (आवाजाचे डिजिटल रूप करणारी पद्धत) साधारणपणे दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज पाठवतो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे (डेटाचे छोटे गठ्ठे) आणि मूळ प्रवाह अवघा ६४ किलोबिट. मात्र उशिरा पोहोचलेले पॅकेट हरवल्यातच जमा असते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राखायला सांगितले आहे.

हा नंबर लावण्याची सोय २००५ मधील ८०२.११ई या मानकाने केली. वाय-फाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेची डब्ल्यूएमएम ही सोय त्याच्यावरच बेतलेली आहे. आवाज, व्हिडिओ, साधा डेटा आणि बिनघाईचा डेटा अशा त्यात चार रांगा असतात. हवा मोकळी झाली की पाठवणारे उपकरण थोडे थांबून मग आणखी काही स्लॉट मोजते. पहिल्या खेपेला आवाजाच्या रांगेत ० ते ३ पैकी कोणताही आकडा निघतो, साध्या रांगेत ० ते १५ पैकी. त्यामुळे आवाज बहुतेक वेळा पुढे सरकतो. हमी मात्र नसते.

खरी गोम शिक्क्यात आहे. आवाजाच्या पॅकेटच्या हेडरवर (सुरुवातीच्या माहितीच्या भागावर) डीएससीपी, म्हणजे प्राधान्याचा आकडा, ४६ हा शिक्का असतो, बायनरीत १०१११०. बरीच उपकरणे त्यातले पहिले तीनच बिट वाचतात. १०१ म्हणजे ५, आणि वाय-फायमध्ये ५ ही व्हिडिओची रांग! आवाजासाठी ६ लागतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने ४६ चे थेट ६ करायला सांगितले. सगळे नीट लावूनही आवाज फाटत असेल, तर आधी हे तपासावे.

चालता-बोलता एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना खंड पडू नये म्हणून ८०२.११आर हे झटपट बदलीचे मानक वापरतात. सिग्नल सगळीकडे उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप) खाली जाऊ नये, असा जुना ठोकताळा आहे.

आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) आले की तिचे हेडर २० बाइटांचे ४० होते. जी.७११ चे सगळी हेडर धरून २०० बाइटांचे पॅकेट २२० चे होते, त्याने काही बिघडत नाही. अडचण मल्टिकास्टची, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेल्या संदेशांची आहे. राउटरच्या जाहिराती (बाहेर जायचा रस्ता माझ्यातून आहे, असे सांगणारे संदेश) आणि शेजाऱ्याचा पत्ता विचारणारे संदेश मल्टिकास्टने जातात. हवेत ते सहसा सर्वांत संथ वेगाने, पोच न घेता जातात, आणि झोपलेल्या हँडसेटला जागे करून त्याची बॅटरीही खातात. म्हणून काही जण आवाज वाचवायला मल्टिकास्ट सरसकट बंद करतात. ही मोठी चूक. पहिली जाहिरात फोनला एकट्याला थेट मिळाली असेल तर फोन नीट चालू होतो, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये तिची मुदत १८०० सेकंदांची असते. ती न वाढल्यास अर्ध्या तासाने आयपीव्ही६ चा रस्ता नाहीसा होतो, आणि आयपीव्ही४ चालू असल्याने दोष लवकर सापडत नाही. त्याऐवजी जाहिरातींचे प्रमाण कमी करावे, फोनने विचारल्यावर फक्त त्यालाच उत्तर द्यावे (२०१६ च्या आरएफसी ७७७२ चा सल्ला), आणि शेजाऱ्याच्या चौकशीला अ‍ॅक्सेस पॉइंटनेच परस्पर उत्तर द्यावे.

भारतात मोबाइल कंपन्यांचे वाय-फाय कॉलिंग २०१९ च्या अखेरीस सुरू झाले. ते आयपीसेक बोगद्यातून (कूटबद्ध वाटेने) जाते, त्यासाठी यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट फायरवॉलमध्ये खुले लागतात. आयपीव्ही६ चालू असेल तर तिथल्या नियमांतही ते वेगळे उघडावे लागतात. बोगद्याच्या आतला शिक्का अ‍ॅक्सेस पॉइंटला दिसत नाही. तो बाहेरच्या हेडरवर उतरवलेला नसेल, तर तो कॉल साध्या रांगेतच उभा राहतो.