४२७ मीटर उंच की एक अंश गरम?

एक लिटर पाणी घ्या, म्हणजे एक किलो. ते एका अंश सेल्सिअसने तापवायचं, इतकंच काम आहे. बोट बुडवून पाहिलंत तर फरक जाणवणारही नाही. आता तेवढीच ऊर्जा तेच पाणी वर उचलायला वापरली तर ते किती उंच जाईल? दोन मजले? दहा मजले? उत्तर आहे ४२७ मीटर. आयफेल टॉवरच्या टोकाला वळसा घालून आणखी शंभरेक मीटर वर.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटून कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो. गणित दोन ओळींचं आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापायला ४१८६ ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं माप) लागतात, आणि एक किलो वजन एक मीटर उचलायला ९.८१ ज्यूल. भागाकार करा. चूक नाही.

वेगाच्या हिशेबात मांडलं तरी तोच प्रकार. ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाने पाणी भिंतीवर आदळलं आणि त्याची सगळी गतिज ऊर्जा त्याच्यातच उष्णता होऊन राहिली, तर ते एका अंशाने तापेल. एक टन वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असताना ब्रेक लावून थांबवली की जी उष्णता निर्माण होते, तीत साधं एक लिटर पाणी कसंबसं उकळतं. गाडीचा तो सगळा दरारा म्हणजे एक किटली पाणी. आणि एका लिटर पेट्रोलमध्ये असे सुमारे ऐंशी दरारे मावतात.

उष्णता ही अशी आहे: रक्कम प्रचंड, पण दिसत नाही. ऊर्जा नष्ट होत नाही हे माणसाला एकोणिसाव्या शतकापर्यंत कळलं नाही, याचं मोठं कारण मला या ४२७ मध्येच दिसतं. एक मीटरवरून सोडलेला चेंडू टप्पे घेत घेत शेवटी निमूट पडून राहतो. त्याची ऊर्जा गेली कुठे? चेंडूत, जमिनीत आणि हवेत उष्णता म्हणून गेली. पण ती इतकी थोडी, की पाण्याच्या मापाने मोजायची तर अंशाचा चारशे सत्ताविसावा भाग. एवढा बदल टिपणारा थर्मामीटर कोणाकडे होता? गती संपते हे उघड्या डोळ्यांना दिसत होतं, आणि माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवून चालला.

त्यातून उष्णतेबद्दलची कल्पनाही वेगळीच होती. उष्णता म्हणजे एक वजन नसलेला द्रव, तो गरम वस्तूतून थंड वस्तूत वाहतो, अशी समजूत होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांची यादी छापली, तीत ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या बरोबरीने हे ‘कॅलरिक’ही बसवलं होतं. कल्पना वेडगळ नव्हती, तिच्या आधारे बरीच गणितं बरोबर सुटत. तिला पहिला जोराचा धक्का बसला म्युनिकच्या तोफांच्या कारखान्यात. काउंट रमफर्डने बोथट गिरमिटाने तोफेच्या धातूला भोक पाडायला लावलं, धातूभोवती पाणी ठेवलं आणि गिरमिट फिरवायला घोडे जुंपले. अडीच तासांत पाणी उकळलं. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाणी उकळतंय हे पाहून बघे थक्क झाले, असं त्याने १७९८ च्या निबंधात लिहून ठेवलं आहे. घोडे फिरत राहतील तोवर उष्णता निघत राहणार, मग ती धातूत साठलेला द्रव कशी असेल?

पण ‘किती गतीची किती उष्णता’ हा दर रमफर्डने बांधून दिला नाही. तो दर प्रथम छापला एका डॉक्टरने. युलिउस रॉबर्ट मायर १८४० मध्ये डच जहाजावर वैद्य म्हणून जावाला गेला होता. तिथे खलाशांचं रक्त काढताना ते त्याला इतकं लालभडक दिसलं, की नीलेऐवजी चुकून रोहिणीच कापली की काय अशी शंका त्याला आली. मग त्याने विचार केला तो असा: उष्ण हवेत शरीर गरम ठेवायला कमी अन्न जाळावं लागतं, म्हणून ऑक्सिजन कमी खर्च होतो, म्हणून परतीचं रक्तही लाल राहतं. अन्न, उष्णता आणि स्नायूंचं काम ही एकाच पुंजीची वेगवेगळी नाणी आहेत, हे त्याला तिथून सुचलं. १८४२ मध्ये त्याने आकडाही दिला: एक अंश म्हणजे ३६५ मीटर. आपल्या ४२७ पेक्षा कमी, पण हाताशी असलेली वायूंची मोजमापंच तेव्हा ढोबळ होती. त्याच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही.

जेम्स ज्यूल हा बिअर बनवणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. याला मोजण्याचं वेडच होतं. त्याचा गाजलेला प्रयोग दिसायला अगदी साधा: तांब्याच्या भांड्यात पाणी, पाण्यात वल्ह्यांसारखी पाती, आणि पाती फिरवायला दोरीला लटकवलेली शिशाची वजनं. वजनं खाली येतात, पाती पाणी घुसळतात, पाणी तापतं. वजनं पुन्हा वर गुंडाळायची, पुन्हा सोडायची, असं वीस वेळा. एवढ्या खटाटोपानंतर तापमान वाढायचं जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट. त्या अर्ध्या अंशातून त्याला दर काढायचा होता, तेही खोलीची हवा आणि स्वतःच्या शरीराची ऊब हिशेबात धरून. १८५० मध्ये त्याने जाहीर केलेला आकडा होता ७७२ फूट, दर अंश फॅरनहाइटला. सेल्सिअस आणि मीटरमध्ये उतरवला तर तो ४२३ च्या थोडा वर येतो, म्हणजे चूक एक टक्क्याहूनही कमी. नायगाराच्या पायथ्याचं पाणी माथ्यावरच्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश अंश फॅरनहाइटने गरम असलं पाहिजे, असं गणित त्याने १८४५ मध्येच मांडलं होतं. त्याच्या थडग्यावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. दशांश चिन्हासकट. याहून नेमकी ओळख त्याची दुसरी कोणती असेल?

एकदा दर ठरला की खातेवही बांधता येते. हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ती सगळ्या निसर्गासाठी मांडली: रूपं बदलतील, बेरीज बदलणार नाही. या वहीवर भौतिकशास्त्रज्ञांचा केवढा विश्वास बसला, ते पुढे किरणोत्सर्गाच्या एका भानगडीत दिसलं. काही अणुकेंद्रं इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात. केंद्रक दर वेळी ठरावीक ऊर्जा गमावतं, पण इलेक्ट्रॉनच्या पदरात दर वेळी वेगळी रक्कम पडते, असं १९१४ मध्ये चॅडविकला आढळलं. तूट कुठे जात होती? नील्स बोरसारखा माणूसही म्हणू लागला, की अणूच्या आत कदाचित हा नियम सरासरीपुरताच खरा असेल. वोल्फगांग पाउलीला ते पटेना. ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात त्याने सुचवलं, की कोणाला न दिसणारा एखादा कण ही तूट घेऊन पळत असावा. निव्वळ जमाखर्च जुळवण्यासाठी नवा कण! तो सापडायला १९५६ साल उजाडलं, तेव्हा राइन्स आणि काउअन यांनी अणुभट्टीशेजारी न्यूट्रिनो पकडला.

आता रूपांविषयी. शाळेत यादी पाठ करायला लावतात: यांत्रिक, उष्णता, ध्वनी, प्रकाश, रासायनिक, विद्युत, अणुऊर्जा. उत्तरपत्रिकेपुरती ती बरी आहे, पण ती खाती खरोखर इतकी वेगळी नाहीत. ध्वनी म्हणजे हवेच्या रेणूंची लयीतली ये-जा आणि उष्णता म्हणजे रेणूंचीच सैरावैरा धावपळ. दोन्हींत गतीच आहे, फरक शिस्तीचा. बाकीच्यांपैकी बरीच रूपं ‘कोण कोणापासून किती लांब’ यावर ठरतात. उंचावरच्या दगडाची स्थितिज ऊर्जा खरं म्हणजे एकट्या दगडाची नसते, ती दगड आणि पृथ्वी या जोडीची असते. पृथ्वी काढून टाका, ‘उंची’ या शब्दालाच अर्थ उरत नाही.

इंधनाचंही असंच आहे, आणि इथे चांगले शिकलेले लोकही चुकतात. ‘रेणूंचे बंध तुटले की त्यातली ऊर्जा बाहेर पडते’ हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल! प्रकार नेमका उलटा आहे. बंध तोडायला ऊर्जा मोजावी लागते, म्हणून तर काडी लावावी लागते. पुढे कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनशी नवे, जास्त घट्ट बंध जोडतात, तेव्हा मोजलेल्यापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा परत मिळते. दगड जमिनीकडे पडतो तसे हे अणू एकमेकांच्या मिठीत पडतात म्हणा. त्यामुळे ऊर्जा पेट्रोलमध्ये आहे हे बोलणं अर्धंच खरं, ती पेट्रोल आणि ऑक्सिजन या जोडीत आहे. एक किलो पेट्रोल जळायला साधारण साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. तो फुकट हवेतून मिळतो, म्हणून टाकी हलकी राहते. रॉकेटला तो सोबत न्यावा लागतो. बॅटरीलाही दोन्ही बाजूंचे पदार्थ स्वतःच्या पोटात वागवावे लागतात, आणि ती पेट्रोलच्या मानाने इतकी जड असण्याचं ते एक कारण आहे.

मग एक प्रश्न हमखास येतो, आणि तो भाबडा मुळीच नाही: ऊर्जा नष्ट होतच नसेल, तर ती वाचवायची कशाला?

कारण रक्कम तीच राहिली तरी प्रत घसरते. ४२७ मीटरवरून पडणाऱ्या पाण्याचे सगळे रेणू एकाच दिशेने निघालेले असतात. तेच पाणी खाली येऊन एक अंशाने तापलं की तेवढीच ऊर्जा अब्जावधी रेणूंच्या अस्ताव्यस्त धावपळीत वाटली जाते. त्या सगळ्यांनी योगायोगाने एकाच क्षणी वरची दिशा धरली, तर पाणी गार होऊन आपोआप ४२७ मीटर उसळी मारेल. जमाखर्चाला काहीच हरकत नाही. पण धावपळीच्या असंख्य तऱ्हांपैकी अशी शिस्तीची तऱ्हा इतकी दुर्मीळ, की विश्वाचं वय पुरणार नाही.

उष्णतेतून काम काढायला म्हणून तापमानातला फरक लागतो, आणि त्यातही हात आखडताच राहतो. कमाल किती मिळेल, याचं सूत्र सादी कार्नोच्या १८२४ च्या पुस्तकातून निघालं. गंमत म्हणजे तेव्हा तोही उष्णतेला द्रवच मानत होता, तरी निष्कर्ष टिकला. औष्णिक वीजकेंद्रात वाफ ५५० अंशांची आणि थंड बाजू ३० अंशांची असेल, तर निर्दोष यंत्रालाही ६३ टक्क्यांपुढे जाता येणार नाही. प्रत्यक्षात चाळिसाच्या आसपास मिळतात. समुद्राचं वरचं पाणी २५ अंश आणि खोलवरचं ५ अंश असेल, तर मर्यादा सात टक्क्यांच्याही खाली. अख्खा समुद्र उष्णतेने भरलेला आहे आणि उपयोग जवळजवळ शून्य. क्लाउझियसने १८६५ मध्ये या घसरणीच्या मापाला एन्ट्रॉपी हे नाव दिलं.

उलट दिशेला मात्र काही अडत नाही. विजेचा हीटर विजेची शंभर टक्के उष्णता करतो, आणि त्यात कौतुक काहीच नाही. जुना तारेचा दिवा वीज घेऊन जेमतेम पाच टक्के प्रकाश देतो आणि उरलेल्यात खोली तापवतो. तो प्रकाशही भिंतींनी शोषला की उष्णताच होतो. आपले स्नायू अन्नाच्या ऊर्जेतून विसा-पंचवीस टक्के काम काढतात, म्हणून जिना चढलं की घाम फुटतो. सगळ्या वाटा त्याच गावाला जातात.

पृथ्वीचा कारभारही याच वहीत लिहिता येतो. सूर्याकडून ती दर चौरस मीटरला सरासरी २४० वॅट शोषते आणि जवळजवळ तेवढेच अवकाशात परत करते. (जवळजवळ, कारण सध्या सुमारे एक वॅट कमी परत जातो, आणि तापमानवाढ म्हणतात ती हीच.) येते ती ऊर्जा मुख्यतः दृश्य आणि त्याजवळच्या प्रकाशाची, जाते ती इन्फ्रारेडची. आत आलेल्या एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणामागे, सुमारे वीस दुबळे फोटॉन बाहेर पडतात. रक्कम तीच, फक्त नोट मोडून चिल्लर झालेली. ती मोडता मोडता मधल्या मध्ये पानं वाढतात, वारे वाहतात, पाऊस पडतो.

पावसाचंच पाहा. एक लिटर पाण्याची वाफ करायला सूर्याचे सुमारे २४ लाख ज्यूल खर्च होतात. तीच वाफ दोन किलोमीटर वर ढगापर्यंत न्यायला फक्त २० हजार, म्हणजे एक टक्काही नाही. सगळी जलविद्युत त्या उरल्यासुरल्या टक्क्याच्याही छोट्या तुकड्यावर चालते. वाफेचं पुन्हा पाणी होताना ते २४ लाख ढगातच मोकळे होतात. राहिला थेंब. दोन हजाराला ४२७ ने भागलं, तर जमिनीवर पोचेपर्यंत तो साडेचार अंशांहून जास्त तापायला हवा होता. तापत नाही. आपली जवळपास सगळी कमाई तो पडता पडता वाटेतल्या हवेला देऊन टाकतो, आणि हवा ती इन्फ्रारेड करून आकाशात सोडून देते.