शीघ्र हस्तक्षेप सेवा, नागपूर

मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे, माणसांत मिसळणे हे टप्पे बाळाने वयाच्या मानाने बरेच उशिरा गाठले, की त्याला विकासविलंब म्हणतात. असा उशीर लवकर हेरून बाळाला आणि घरच्यांना पहिल्या सहा वर्षांत जी मदत दिली जाते, ती शीघ्र हस्तक्षेप सेवा.

दोन महिन्यांत चेहरा पाहून हसू, चार महिन्यांपर्यंत मान, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना बसणे, दीड वर्षापर्यंत चालणे, दोन वर्षांत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी शब्दांची जोडी, हे ढोबळ मोजमाप आहे. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचे वय दोन महिने कमी धरतात.

नागपुरात आणि भोवतालच्या तालुक्यांत पहिला अडथळा घरातच असतो. ‘याचा बाप बी उशिराच बोलला होता’ हे आजीचे वाक्य प्रेमाचेच असते. पण त्याच्या भरवशावर वर्ष-दोन वर्षे निघून जातात, आणि मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते ती याच काळात. काही कारणांना तर थांबायला वेळच नसतो. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या काही आठवड्यांत ओळखून औषध सुरू झाले, तर बुद्धीची हानी बहुतांशी टळते. ऐकू न येणाऱ्या बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि श्रवणयंत्र सहाव्यापर्यंत व्हावे, असा दंडक आहे. जन्मल्यावर न रडलेली, फार कमी वजनाची, तीव्र कावीळ झालेली बाळे घरी गेल्यावरही तपासणीला येत राहणे म्हणूनच गरजेचे असते.

सरकारी व्यवस्थेचा कणा म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरहून झाली. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात. पुढील उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत, विनामूल्य होतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छपराखाली भेटावेत, ही त्यामागची कल्पना. याशिवाय शहरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मिहानमधील एम्स ही रुग्णालये आणि केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र आहे. सेवेची परंपरा मात्र त्याहून जुनी: कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये उभारलेल्या मातृसेवा संघाने माता-बालकांच्या सेवेचा पाया या शहरात घातला.

तपासणी पाहिली तर खेळासारखी वाटते. आईच्या मांडीवरच्या बाळासमोर लाल लोकरीचा गोळा हळूहळू सरकवतात. नजर सोबत जाते का पाहतात. मागून घंटा वाजवतात. थोड्या मोठ्या मुलाला लाकडी ठोकळे देतात, तो ते एकावर एक रचतो की नुसते तोंडात घालतो, ते टिपतात.

खरी सेवा त्यानंतर सुरू होते, आणि ती केंद्रात कमी, घरात जास्त घडते. आठवड्यातला पाऊण तास थेरपिस्टचा. उरलेला आठवडा आईचा. गोधडीची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर बाळाला पालथे घालणे, समोर वाटी वाजवून मान वर करवणे, आंघोळ घालताना ‘हात’, ‘पाय’, ‘पोट’ म्हणत राहणे, घास भरवण्याआधी क्षणभर थांबून त्याला मागू देणे, हा ‘घरचा कार्यक्रम’. तो शिकवताना वडील आणि आजीही सोबत बसावेत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एरवी सगळा भार आणि सगळा दोषही आईच्याच पदरात पडतो. नरखेड किंवा भिवापूरहून यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, आणि मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात बाळाला घेऊन बस बदलणे जिवावर येते. खंड पडला म्हणून आईला रागावण्यापेक्षा पुढच्या महिनाभराचे व्यायाम नीट समजावून देणे जास्त उपयोगाचे.

उपचार सुरू करायला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही. ते लागते सवलतींसाठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व धरतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे), बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांना केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते, आणि त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो.

सहा वर्षांनंतर मूल शाळेच्या व्यवस्थेत जाते. तिथे समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात, आणि ज्याला शाळेत जाणेच शक्य नाही त्याच्यासाठी घरी शिक्षणाची तरतूद आहे. वर सांगितलेल्या चार प्रकारांतील मूल अठरा वर्षांचे झाले की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करावा लागतो.