छद्म युद्धमाहितीपट आणि विदर्भातला खेड्यातला प्रेक्षक

रचलेली लढाई खऱ्या वार्तांकनाच्या थाटात दाखवणाऱ्या चित्रपटाला छद्म युद्धमाहितीपट म्हणतात. डगमगता कॅमेरा, धुरकट चित्र, मध्येच तुटणारा आवाज, नकाशावर सरकणारे बाण आणि घशातून येणारं गंभीर निवेदन ही त्याची सामग्री. सैनिक नट असतात, कधी पुठ्ठ्याचे असतात, अलीकडे संगणकातले असतात. याच्या दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. एकीत निर्माता फसवायलाच निघालेला असतो. दुसरीत तो माहितीपटाचं सोंग घेतो, पण सोंग आहे हे लपवत नाही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. फरक पडतो तो दाखवणारा काय सांगून दाखवतो यावर.

सिनेमा जन्मून तीन वर्षं होत नाहीत तोच हा उद्योग सुरू झाला. 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धात व्हायटाग्राफ या अमेरिकन चित्रपट कंपनीच्या ब्लॅकटन आणि स्मिथ या जोडीने क्युबातल्या सँटियागोच्या उपसागरातली आरमारी लढाई न्यूयॉर्कमध्ये बसून उभी केली. युद्धनौकांची छायाचित्रं कापून पाण्यावर तरंगवली, चिमूट-चिमूट बंदुकीची दारू उडवली आणि तोफांचा धूर म्हणून सिगार-सिगारेटचा धूर सोडला. प्रेक्षकांनी ती लढाई खरी मानून टाळ्या वाजवल्या म्हणतात. ही हकिगत निर्मात्यांनीच पुढे कैक वर्षांनी सांगितलेली आहे, तेव्हा तीही तपासूनच घ्यावी. पुढच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातल्या काही चकमकी इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नच्या आसपासच्या माळावर चित्रित झाल्या. दक्षिण आफ्रिका कोणी पाहिली होती?

सर्वांत बोलकं उदाहरण 1916 च्या ‘द बॅटल ऑफ द सॉम’ या ब्रिटिश चित्रपटाचं. पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधली ही लढाई 1 जुलैला सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये चित्रपट लोकांपुढे आला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे 2 कोटी लोकांनी तो पाहिला असं मानतात. घरचा माणूस दिसतो का म्हणून बायाबापड्या पडद्याकडे डोळे लावून बसत. चित्रपटाचा बराच भाग खरा आहे, जखमी खरे आहेत, प्रेतं खरी आहेत. पण ज्या दृश्याने थिएटरं हादरली, ते सैनिक खंदकातून वर चढून धावतात आणि दोघे-तिघे कोसळतात ते दृश्य, आघाडीच्या मागे सराव-तळावर रचलेलं होतं. जाणकारांनी नंतर खुणा दाखवल्या: सैनिकांच्या पाठीवर पुरतं सामान नाही, काटेरी तार नावापुरती, आणि पडलेला एक ‘मृत’ सैनिक सावकाश पाय नीट करून घेतो. खऱ्या मरणांच्या मध्ये ठेवलेलं हे खोटं मरण जास्त खरं वाटलं, कारण ते कॅमेऱ्याच्या सोयीने घडत होतं.

सोंग न लपवणाऱ्या जातीत पीटर वॉटकिन्स या ब्रिटिश दिग्दर्शकाचं नाव आधी घ्यावं लागतं. 1964 मध्ये त्याने 1746 ची स्कॉटलंडमधली कलोडनची लढाई अशी चित्रित केली की जणू टीव्हीवाले तिथे माइक घेऊन हजर होते. 1965 चा ‘द वॉर गेम’ ब्रिटनवर अणुबॉम्ब पडल्यावर काय होईल ते दाखवतो. बीबीसीने तो स्वतःच बनवून घेतला आणि प्रक्षेपणाला फारच भयंकर आहे म्हणून अडवून ठेवला. तो तिथल्या छोट्या पडद्यावर आला थेट 1985 साली. तोवर न घडलेल्या घटनेच्या या चित्रपटाला माहितीपटाचं ऑस्कर मिळून गेलं होतं.

विदर्भाच्या खेड्यांत पडद्यावरचं युद्ध आलं ते मुख्यतः तंबूतल्या सिनेमातून आणि सरकारी प्रसिद्धीच्या गाडीतून. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट मुख्य सिनेमाआधी दाखवणं ही परवान्याचीच अट होती, त्यामुळे तिकीट नाचगाण्यांचं काढलं तरी आधी धरणाचं उद्घाटन आणि सीमेवरचे जवान बघावे लागत. वार्तापटाच्या प्रती मोठ्या शहरांतून फिरत फिरत लहान गावांकडे येत. 1971 चं युद्ध तेरा दिवसांत आटोपलं; म्हणजे तंबूत तोफा धडाडू लागल्या तेव्हा सीमेवर युद्धविराम होऊन गेलेला असे. बातमी रेडिओने आधीच दिलेली. पडद्याकडून लोकांना बातमी नको होती, दर्शन हवं होतं.

आखरावर, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, नाहीतर शाळेच्या पटांगणात दोन बल्ल्यांना पांढरं कापड ताणलं की दोन्ही बाजूंनी माणसं बसत. पुढे जागा नसेल तर पडद्यामागे पोतं अंथरायचं. मागून चित्र उलटं दिसतं: पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी आणि सगळी पलटण डावखुरी. एकाच गावातल्या अर्ध्या लोकांनी जवानांना उजव्या खांद्याला बंदूक लावताना पाहिलं, अर्ध्यांनी डाव्या. त्यावर कोणी कोणाला खोटं पाडलं नाही, कारण कापड मधे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

शहरी लेखनात ‘भोळा खेडूत प्रेक्षक’ फार स्वस्तात मिळतो. पडद्यावरची आगगाडी अंगावर येते समजून पॅरिसचे प्रेक्षक पळाले ही दंतकथाही अशीच, पुरावा तोकडा आणि प्रसिद्धी अफाट. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. त्याआधीपासून दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आहेतच. तलवार लाकडाची आणि तिला बेगड लावलेली, हे पुढच्या रांगेतल्या पोराला दिसतं, तरी वीर पडला की आजीच्या डोळ्याला पदर लागतो. अशा प्रेक्षकाला खोट्याचा राग नसतो. राग येतो तो बेगडीला पोलाद म्हणून विकलं तर. फसवायला निघालेला छद्म युद्धमाहितीपट नेमका तेच करतो, म्हणून इथे त्याची परीक्षा नाटकाच्या नाही, बाजाराच्या नियमाने होते: माल कोणाचा, आणला कोठून.

शिवाय स्फोट म्हणजे काय हे या भागाला ऐकून नाही, अंगाने माहीत आहे. भंडारा, भद्रावती, अंबाझरी इथे आयुध निर्माणी आहेत. पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे आणि 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथे लागलेल्या आगीने आसपासची गावं उठून बाहेर पडली होती. वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात खाणीचं ब्लास्टिंग नित्याचं. तिथे आधी जमीन हलते, मांडणीवरची भांडी थरथरतात आणि आवाज मागून येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो, म्हणजे कोसभर लांबचा स्फोट दिसल्यावर कानाला बऱ्याच सेकंदांनी कळतो. रचलेल्या चित्रपटात मात्र दूरच्या डोंगरावर उजेड आणि धडाका एकदमच होतात. खाणीजवळच्या गावातल्या माणसाला इथे काहीतरी खटकतं, मग त्याला कारण सांगता येवो न येवो.

दुसरी कसोटी त्याहून साधी आहे आणि सॉमच्या खंदकालाही लागू पडते. ‘मंग फोटू काढणारा कोठी उभा होता?’ गोळी समोरून येते, सैनिक समोर पडतो, आणि कॅमेरा शत्रूच्या बाजूला निवांत उभा. एवढा एक प्रश्न विचारला की निम्मे बनावट युद्धपट गळून पडतात. उरलेल्यांसाठी गावात सुट्टीवर आलेला फौजी असतो. पानठेल्यावर त्याच्यापुढे मोबाइल धरला जातो, तो अंगठ्याने दोनदा मागे सारून पाहतो आणि बहुतेक वेळा काही न बोलता परत देतो. त्याचं न बोलणंही निकालच समजलं जातं, आणि तो नेहमी बरोबर असतो असंही नाही. टेकडीवरची चौकी ओळखणाऱ्याला संगणकातलं विमान ओळखता येईलच असं नाही.

कारण आता नकली युद्ध नट मागत नाही. 2013 चा ‘आर्मा 3’ हा चेक कंपनीचा लष्करी व्हिडिओ गेम इतका हुबेहूब आहे की त्यातले तुकडे 2021 मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरचे, 2022 मध्ये युक्रेनचे, 2023 मध्ये गाझाचे म्हणून फिरले आणि पंजशीरच्या वेळी काही भारतीय वृत्तवाहिन्यांनीही ते दाखवले. मे 2025 च्या भारत-पाकिस्तान संघर्षात पुन्हा तेच. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाला व्हिडिओ गेमची दृश्यं खोटी म्हणून जाहीर करावी लागली. गेम बनवणाऱ्यांनी ओळखीच्या खुणा सांगितल्या आहेत: चित्र मुद्दाम खराब केलेलं, बहुधा रात्रीचं, आवाज काढून टाकलेला आणि माणसं फारशी हलत नाहीत, कारण माणसाची चाल यंत्राला अजून नीट साधत नाही.

ग्रामीण विदर्भात ही दृश्यं व्हॉट्सॲपच्या गटातून येतात, आणि इथे जुना आधार सुटतो. तंबूत वार्तापटाला सरकारी आवाज होता, झाडीपट्टीत नाटक मंडळाचं नाव होतं. मोबाइलमध्ये पाठवणारा म्हणजे आपलाच मावसभाऊ, त्यालाही ते कोणीतरी पाठवलेलं. माल कोणाचा या प्रश्नाला उत्तर येतं, ‘ग्रुपवर आला.’ गंमत अशी की बनावट सर्वांत आधी ओळखतात ती दहावी-बारावीची पोरं. ती तोच गेम शेजारच्या मोबाइलवर पाहून बसलेली असतात, विमानाची वळण्याची तऱ्हाही त्यांना पाठ असते. मोठ्यांच्या गटात ती तीन शब्द टाकतात, ‘काका, गेम होय,’ आणि काका तोवर तो व्हिडिओ भजनी मंडळाच्या गटात पुढे धाडून मोकळे झालेले असतात.