भाड्याचे साहित्य आणि स्वतःची सुरक्षा-साधने : प्रमाणपत्रधारक डायव्हरांसाठी माहितीपत्रक

मालवण किनाऱ्यावरील आमच्या केंद्रात दोन प्रकारचे ग्राहक येतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात प्रशिक्षकाचा हात धरून पहिल्यांदाच बुडी मारणाऱ्यांनी सोबत काहीही आणू नये. त्यांना लागणारे सारे प्रशिक्षकाच्या अंगावर असते. हे पत्रक दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांसाठी आहे. त्यांच्याकडे ओपन वॉटर (डायव्हिंगचे पहिले) किंवा त्यापुढचे प्रमाणपत्र असते, ते जोडीदारासह डाइव्ह करतात आणि बीसीडी (तरंगणे-बुडणे सांभाळणारे, हवेने फुगणारे जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारे साधन), सिलिंडर व शिसे (बुडण्यासाठीची वजने) आमच्याकडून किंवा कर्नाटकातील नेत्राणी, अंदमानातील स्वराजद्वीप अशा ठिकाणच्या केंद्रांकडून भाड्याने घेतात.

भाड्याच्या बीसीडीची अडचण अशी की ती दर खेपेस वेगळी असते. एका बीसीडीला उजवीकडे चेनचा खिसा असतो, दुसरीच्या खिशाचा वेलक्रो झिजून गेलेला असतो, तर तिसरीत शिशाचे पाकीट आत बसवल्यामुळे खिशात बोट शिरण्याइतकीही जागा उरत नाही. पाण्याखाली अडचण आली की हात सवयीच्या जागी जातो, आणि तिथे वस्तू नसली तर ती सोबत असूनही नसल्यासारखी होते. म्हणून जड साहित्य खुशाल भाड्याने घ्यावे, परंतु खुणेचा बोया व त्याची दोरी, शिट्टी, कापण्याचे साधन आणि डाइव्ह कॉम्प्युटर एवढ्या वस्तू स्वतःच्या असाव्यात आणि दर वेळी अंगावर त्याच जागी असाव्यात, असा आमचा आग्रह आहे. यांपैकी कोणतीही वस्तू आम्ही विकत नाही, हेही येथे सांगून ठेवतो.

खुणेचा बोया

डायव्हर मंडळी ज्याला एसएमबी म्हणतात, तो हा हवेने फुगवायचा लांब नळीसारखा बोया. एकच वस्तू घेण्याची ऐपत असेल तर ही घ्यावी. पृष्ठभागावर आलेल्या माणसाचे फक्त डोके पाण्याबाहेर दिसते, आणि थोडीशी लाट असली तरी बोटीवरून ते तरंगत्या नारळाएवढे भासते, तेही लाट खाली गेल्यावर क्षणभरच. मालवणच्या पाण्यात आणखी एक गोष्ट आहे. येथील मच्छीमार जाळ्यांच्या खुणेसाठी थर्मोकोलचे तुकडे, प्लॅस्टिकचे कॅन आणि गोल बोये सोडतात. त्यामुळे बुटका, पांढरा किंवा गोल बोया दुरून पाहणाऱ्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) जाळ्याची खूण वाटू शकतो. आपला बोया नारिंगी अथवा भडक पिवळा, किमान सव्वा मीटर आणि शक्य तर दीड मीटर उंच असावा. काही ठिकाणी नारिंगी म्हणजे ‘येथे डायव्हर आहे’ आणि पिवळा म्हणजे ‘मदत हवी’ असा संकेत पाळतात, पण तो सर्वत्र सारखा नाही. त्यामुळे बोट सुटण्यापूर्वी तांडेलाशी बोलून घ्यावे.

बोया दोन तऱ्हेचे मिळतात. एकाचे तोंड खालून उघडे असते, त्यात ऑक्टोपसमधून (रेग्युलेटरच्या राखीव मुखनळीतून) हवा सोडता येते, पण पृष्ठभागावर तो आडवा झाला तर हवा निसटते. दुसऱ्याच्या तोंडाशी एकाच दिशेने हवा आत घेणारी पट्टी आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. किंमत थोडी जास्त असली तरी आम्ही दुसरा सुचवतो. दोरीसाठी मोठी रील लागत नाही. बोटात धरता येईल अशा साध्या स्पूलवर 15 ते 30 मीटर दोरी पुरेशी आहे. रीलची कडी ऐनवेळी अडकण्याचा जो त्रास असतो, तो स्पूलला नाही.

बोया सोडताना हवेचे गणित लक्षात असावे. 5 मीटर खोलीवर एकूण दाब सुमारे 1.5 बार असतो, त्यामुळे तेथे दोन-तृतीयांश भरलेला बोया वर पोहोचेपर्यंत पूर्ण फुगतो. 10 मीटरवर तर अर्धा भरला तरी चालतो. म्हणजे छातीतील सारी हवा ओतण्याची गरज नसते. 5 मीटरवरच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपच्या (वर येताना घ्यायच्या थांब्याच्या) सुरुवातीलाच बोया सोडावा, सोडण्यापूर्वी वर पाहावे, आणि दोरी किंवा स्पूल कोणत्याही परिस्थितीत बीसीडीला अडकवू नये. स्पूल अडकला आणि बोयाने ओढ घेतली, तर तो आपल्यालाही वर घेऊन जातो. हाताने धरलेला स्पूल मात्र सोडून देता येतो.

दुकानातून आणलेला बोया प्लॅस्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच बोटीवर बाहेर काढणारे ग्राहक आम्ही दर मोसमात पाहतो. घडीत चिकटलेले तोंड, न बांधलेली दोरी आणि सोबत कधीच न केलेला सराव, असा तो प्रकार असतो. आदल्या दिवशी उथळ पाण्यात दोन वेळा सोडून पाहावे. आम्ही त्याचे शुल्क घेत नाही.

शिट्टी आणि आरसा

शिट्टी आत गोटी नसलेली, सपाट प्लॅस्टिकची घ्यावी. पाण्याने भरली तरी ती वाजते. भाड्याच्या बीसीडीला कधीकधी शिट्टी असते, पण ती किती जणांच्या तोंडात गेली आहे याचा विचार करावा आणि आपली स्वतःची, आखूड दोरीने डाव्या खांद्याच्या कडीला लावावी. इंजिन चालू असलेल्या बोटीवरील माणसाला मात्र ती ऐकू येत नाही. सिलिंडरच्या हवेवर वाजणारे कर्णे याहून मोठा आवाज करतात, परंतु सिलिंडर रिकामा झाला की तेही मूक होतात. छोटा आरसा स्वस्त आणि सपाट असतो, तो जरूर ठेवावा. मात्र दुपारनंतर आपण बोटीच्या पश्चिमेला असलो आणि सूर्य पाठीमागे खाली झुकलेला असला, तर आरशाचा फारसा उपयोग होत नाही, आणि त्याच वेळी चकाकीमुळे तांडेलालाही आपण दिसत नाही. अशा वेळी उभा बोया हाच आधार.

कापण्याचे साधन

आपल्या किनाऱ्यावर खडकांना अडकून राहिलेली जाळी आणि गळाची तुटलेली तंगूस यांचा धोका माशांपेक्षा कितीतरी अधिक आहे. तंगूस पाण्यात दिसत नाही, आणि सिलिंडरच्या व्हॉल्व्हमागे अडकली तर स्वतःच्या हाताने सुटत नाही. पोटरीला बांधलेला मोठा सुरा आम्ही सुचवत नाही : तो स्वतःच जाळ्यात अडकतो आणि जाळ्यात असताना पायापर्यंत हात पोहोचत नाही. पात बोटाला लागणार नाही अशा खाचेत बसवलेला छोटा लाइन कटर कमरेच्या पट्ट्यावर किंवा कॉम्प्युटरच्या पट्ट्यावर, दोन्ही हातांना पोहोचेल असा ठेवावा. जाड नायलॉन दोरीसाठी मात्र रुग्णवाहिकेत वापरतात तशी बोथट टोकाची कात्री अधिक चांगली. घरी तंगूसचा तुकडा घेऊन कापून पाहावा. गंजलेले पाते जमिनीवर कळलेले बरे. अडकल्यास गोल फिरू नये, थांबावे, जोडीदाराला खूण करावी आणि शक्यतो त्यालाच कापू द्यावे.

कॉम्प्युटर आणि टॉर्च

भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर मिळतो आणि आम्हीही देतो, पण त्यात एक मेख आहे. पाण्याखाली किती वेळ राहता येईल हे दाखवण्यासाठी कॉम्प्युटर मागील डाइव्हमध्ये शरीरात साठलेला नायट्रोजन लक्षात ठेवतो. सकाळी एक आणि दुपारी दुसरा उपकरण-संच हाती आला, तर दुपारचा कॉम्प्युटर आपल्याला ताजेतवाने समजतो. भाड्याचाच घ्यायचा असल्यास सर्व दिवस तोच मागून घ्यावा, जोडीदारासोबत वाटून वापरू नये, आणि पाण्यात जाण्यापूर्वी त्यातील वायूची नोंद पाहावी. आधीच्या ग्राहकाने 32 टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्स मिश्रणावर ठेवलेला कॉम्प्युटर साध्या, 21 टक्के ऑक्सिजनच्या हवेवर वापरला, तर तो आपल्याला प्रत्यक्षात सुरक्षित असलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ दाखवतो.

टॉर्च दिवसाही कामाची असते, कारण कपारीत पाहायला आणि गढूळ पाण्यात जोडीदाराला खूण करायला तिचा उपयोग होतो. हातात मावेल एवढी पुरे. तिच्या रबरी कडीवर केस किंवा वाळूचा कण राहिल्यास पाणी शिरते.

अंगावर कुठे आणि कसे

लोंबकळणारी प्रत्येक वस्तू प्रवाळाला लागते, जाळ्यात गुंतते आणि शेवटी हरवते. भाड्याच्या बीसीडीवर भरवसा ठेवण्याऐवजी वेटसूटवर घालायची खिसेवाली चड्डी घेतल्यास बोया व स्पूल एकत्र गुंडाळून उजव्या मांडीच्या खिशात कायमचे राहू शकतात. बीसीडी कोणतीही मिळाली तरी जागा बदलत नाही. हा आमच्या अनुभवातला सर्वांत चांगला खर्च आहे. क्लिप दांडीच्या सरकत्या खटक्याची, स्टेनलेस स्टील किंवा पितळेची असावी. गिर्यारोहणाच्या दुकानात मिळणारी, झडपेसारखी उघडणारी कडी वापरू नये, कारण ती नुसत्या दाबाने उघडून दोरी आत घेते. आमच्या बीसीडीला कृपया केबल टायने काहीही बांधू नये. डाइव्हनंतर ते कापताना शिवण फाटते, आणि घाईत ती वस्तू पुढच्या ग्राहकाबरोबर समुद्रात जाते.

अतिरिक्त हवेची छोटी बाटली स्वतंत्र प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणू नये. परदेशातून येणाऱ्या ग्राहकांना विशेष विनंती : उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, ती घरीच ठेवावीत. विमानाने येत असल्यास कटर व कात्री चेक-इन सामानात आणि टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्ये ठेवाव्यात. आमच्या प्रत्येक बोटीवर ऑक्सिजनचा संच असतो आणि भारतीय तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक तांडेलाजवळ लावलेला असतो.

स्वतःची साधने आणणाऱ्यांनी डाइव्हच्या आदल्या संध्याकाळी ती घेऊन केंद्रात यावे. दुसऱ्या दिवशी मिळणारी बीसीडी तेव्हाच अंगावर घालून, डोळे मिटून, प्रत्येक वस्तूपर्यंत हात पोहोचतो का ते पाहता येते. यास वीस मिनिटे लागतात, आणि वाढलेल्या वजनानुसार शिसेही तेव्हाच ठरवता येते. परत जाताना सर्व वस्तू गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवाव्यात. जून ते सप्टेंबर आमचे काम बंद असते. त्या काळात बोया घडी न घालता सैल ठेवावा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा येण्यापूर्वी एकदा तोंडाने फुगवून रात्रभर तसाच राहतो का ते पाहावे.